चढाईचे शब्द

नागपुरात बसून गिर्यारोहणाची साहसकथा लिहायची म्हणजे नसती उठाठेव. पण मुलांच्या एका मासिकाला मी हो म्हणून बसलो होतो. शब्दकोशातून कडा, सुळका, घळ, कातळ असे शब्द उतरवून काढले, तर सगळे परक्याच्या घरचे वाटले. आमच्याकडे चढायला आहेच काय? एक टेकडी, तिच्यावरही लोक स्कूटरनं जातात.

मग मामा आठवला. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये तो दोराला लटकून विहिरीत उतरायचा, पंप दुरुस्त करायचा आणि भिंतीला पाय लावत वर यायचा. अख्खी जिंदगी दोरावर काढली. दोन वर्षं "येतो, येतो" म्हणत मी त्याच्याकडे गेलोच नाही. तो रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती झाला तेव्हा गेलो. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं त्याचा घसा खाल्ला होता. दुपारी चारला ऑपरेशन होतं, स्वरयंत्रच काढणार होते. त्यानंतर आवाज नाही, कायमचा.

मामी औषधं आणायला खाली निघाली. दारातून म्हणाली, "त्याईले जास्त बोलवू नको गा. मले बोलाचं हाय."

"नाही नाही," म्हणालो आणि तिची पाठ वळताच वही काढली. लाज नावाची चीज नाही मला!

मामा खूश झाला. "पहाडाची गोष्ट? तू लिहून राहिला बे? जिना चढून आला तं धापून राहिला!" मग घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत सांगत गेला. हात ठेवला की हलतो तो फोपसा दगड. भार घेतो तो जिता दगड. दोराला दोन हिसके म्हणजे वर ओढा. "भेव खाली पाहून लागत नाही, पोट्ट्या. वरचा माणूस बोलाचा थांबला का लागते."

त्याचा आवाज फाटत चालला होता, डोळ्यांत पाणी येत होतं. मला दिसत होतं की! तरी म्हणालो, "बस मामा, एक शेवटचं."

अडीचलाच सिस्टर स्ट्रेचर घेऊन आली. आधीचं ऑपरेशन लवकर आटोपलं होतं. मामीला फोन लावला, तर तो उशीखालीच वाजला. धावत खाली गेलो. मेडिकलच्या रांगेतून तिला ओढून आणलं, तोवर खाट रिकामी झाली होती.

मामी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"माह्याविषयी काही बोलले?"

"हो ना मामी, तुझीच चौकशी करत होता," मी ठोकून दिलं.

"खोटं नको बोलू बाप्पा. त्याईनं माहं नाव कधी घेतलं नाही. 'अवं' म्हणत. तेवढंच एकदा आयकाचं होतं."

मामा वाचला, घरी आला. मामी स्वयंपाकघरात असली की तो टाळी वाजवतो.