गणपती नेणारी लोतो

बातमी बसने आली. सांत्र द फ्लाकला माझ्या सासरच्या घरापुढे थांबा नाही, तरी त्या सकाळी बस दारात थांबली आणि ड्रायव्हर खाली उतरून, टोपी काढून उभा राहिला. माझा थोरला भाऊ सखादादा बसगाड्या दुरुस्त करायचा, त्याच गॅरेजातला हा माणूस. त्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. माएबूर्गबाहेरच्या आमच्या माहेरी, अंगणातल्या खुर्चीत चहा पिता पिता दादा गेला होता... हातातला कप फुटलासुद्धा नाही, असं वहिनीने मागाहून सांगितलं. का कोण जाणे, मला त्या न फुटलेल्या कपाचंच जास्त रडू आलं.

आता महिना उलटला. भेटायला येणारे त्याने दुरुस्त केलेल्या बसगाड्यांची आठवण काढतात. मला मात्र त्याची लोतोच दिसते. मोटारीला आम्ही ह्या बेटावरचे मराठी लोक लोतोच म्हणतो. लढाई संपल्यावर विमानतळाच्या बाजूला लष्कराचं भंगार पडून होतं. त्यातून दादाने ट्रकचं आठ सिलिंडरचं इंजिन उचलून आणलं आणि एका म्हाताऱ्या विलायती मोटारीत बसवलं. ते मावेना, म्हणून पुढचं झाकण कापूनच टाकलं. इंजिन उघडंबोडकं, आवाज असा की कोंबड्या खुराड्यात पळायच्या. रविवारी उसातल्या रस्त्यांवर शर्यती लागत, त्यात हे बोडकं धूड भल्याभल्या गोऱ्यांच्या गाड्यांना धूळ चारायचं. दादाच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, पण लोतोविषयी विचारलं की गडी खुलायचा. बाबा मात्र तिच्यात कधी बसले नाहीत. ते साखरेच्या कोठीवर, म्हणजे उसाच्या मळ्यावर, मजुरांचे सरदार, गावच्या भजनाचे म्होरके. "भंगार त्ये भंगार," एवढंच म्हणायचे. दादाला सगळ्या गावाची शाबासकी नको होती. त्याला ह्या एका माणसाची हवी होती.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट असेल. माझं नुकतंच लग्न झालं होतं, गणपतीला मी माहेरी आले होते. गावचा गणपती समुद्रावर न्यायचा तो बैलगाडीतून, म्हणजे आमच्या शारेटमधून, अशी रीत. त्या वर्षी बैल आजारी पडला आणि दादाने लोतो पुढे केली. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मग आयेने काय सांगितलं देव जाणे, पण म्हणाले, "ह्या बारीला न्यू दे. बगूया." दादाने लोतो इतकी घासली की तिच्यात तोंड दिसावं. मागच्या बाजूला चौरंग बांधला, केळीचे खुंट लावले. मी आणि आये मूर्तीजवळ बसलो, बाबा टाळ घेऊन पुढे चालू लागले.

इथे थोडं इंजिनाचं सांगायला हवं. मला जे कळतं ते दादानेच शिकवलेलं. सिलिंडरमध्ये स्फोट होतो, त्यातला थोडा धूर दट्ट्याच्या कडेने खाली निसटतो आणि इंजिनाच्या पोटात साठतो. इंजिन कितीही चांगलं असो, तो निसटायचाच. त्याला बाहेर पडायला एक नळी लागते. लष्कराच्या इंजिनाला ती खाली होती आणि दगडांना लागायची, म्हणून दादाने ती बुजवून वरच्या अंगाला एकच नवी नळी बसवली होती. गाडी वेगात असली की तिच्यातला धूर वाऱ्यावर जाई. पण मिरवणूक चालते पावलाच्या गतीने. तेलकट धूर सरळ मूर्तीकडे येऊ लागला. बायका पदर नाकाला लावू लागल्या.

आयेने ते पाहिलं. पोराला कुणी नावं ठेवू नयेत, देवाला तेलाचा वास लागू नये... गाडी चौकात थांबली तेव्हा ती उतरली, चौरंगाच्या लाल कापडाचा उरलेला तुकडा तिने नळीच्या तोंडात कोंबला आणि वरून सुतळीने गाठ मारली. धूर थांबला. मला वाटलं, फडकं घेऊन ती पुसपास करतेय. दादा तेव्हा मागची माळ सावरत होता.

समुद्र दिसू लागला, किनाऱ्यावरची फिलाओची, म्हणजे सुरूची झाडं आली आणि शेवटच्या चढावर लोतो नुसती गुरगुरू लागली. पुढे जाईना. खालून तेलाची धार लागली होती. बाबांनी मागे वळून पाहिलं. कुणीतरी म्हणालंच, करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पोरांनी मूर्ती खांद्यावर घेतली, सगळे पुढे गेले. पाय दुखतात असं सांगून मी तेवढी मागे राहिले.

दादाने तेल मोजायच्या कांडीला हात लावला, तर ती फुस्सकन वर उडाली. "पोटात दाब हाय," तो म्हणाला. "दट्ट्याच्या रिंगा गेल्या वाटतं." चेहरा पार उतरला होता. रिंगा गेल्या म्हणजे इंजिनच थकलं, बाबांचंच खरं ठरलं. मग त्याची नजर नळीवर गेली. धूर कोंडला, त्याच्या दाबाने तेल सांध्यांतून बाहेर ढकललं गेलं, क्लचवर सांडलं आणि तो घसरू लागला, एवढंच झालं होतं. त्याने गाठ सोडली, कापड ओढून काढलं आणि इंजिन पुन्हा चालू केलं.

"बाय, हात ठेव हितं."

मी नळीवर तळवा धरला. ऊन ऊन, मऊ फुंकर येत होती, झोपलेल्या पोराच्या नाकातून येते तशी.

"रिंगा चांगल्या हायत, गेल्या आसत्या तर भकाभका धूर आला आसता," तो म्हणाला. कापड त्याने खिशात घातलं. "आयेला कळू द्यायचं नाय. देव आपण वाटंत आडवला आसं धरून बसंल ती."

गावाला त्याने रिंगा गेल्याचंच सांगितलं. पुढल्या वर्षीपासून देव शारेटमधूनच जाईल, असं बाबांनी जाहीर केलं, तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला. रिंगा गेल्या म्हटल्यावर शर्यतीही सुटल्या. आये गेली त्यानंतर मी त्याला म्हटलं, आता तरी बाबांना सांग. तर म्हणे, मेलेल्या माणसावर कशाला ढकलायचं? ह्या अबोल माणसाचा मला तेव्हा राग आला होता. अजूनही येतो.

आता दादाच्या तेराव्यानंतर मी बाबांना सगळं सांगितलं. ऐंशीला टेकलेत, कानांनी दगा दिलाय, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. ते काठी घेऊन उठले आणि मागच्या छपरीकडे निघाले. लोतो तिथेच आहे. दर रविवारी दादा ती चालू करून ठेवायचा. खिळ्याला ते लाल कापड धुऊन टांगलेलं होतं. त्या छपरीत तेलाचा डाग नसलेली तेवढी एकच चिंधी. बाबांनी ते चाचपलं. मग मला म्हणाले, "चालू कर."

दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. मी बाबांचा हात धरून नळीवर ठेवला. त्यांना आवाज किती ऐकू आला कुणास ठाऊक, पण तळवा त्यांनी हलवला नाही. "ऊन हाय," ते म्हणाले. डोळे वाहत होते, पुसत नव्हते. बराच वेळ झाला, छपरी धुराने भरली, म्हणून मी बंद करायला वाकले.

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "वाईच ऱ्हाऊ दे."