एक रेघ, बाजूला सही

आमच्या शेजारच्या काकांनी उभ्या जबलपुरातली एकही वस्तू पहिल्या फेरीत पास केली नाही, आणि माणूस तर नाहीच नाही. मी हे लिहायला बसले तेव्हाही पहिला विचार तोच आला, की काकांनी हे पान परत पाठवलं असतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबांच्या ऑटोच्या मागे रंगवलेल्या दोन ओळी सोडल्या तर आमच्याकडे कोणी काही लिहिलेलं नाही. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. काका घेत नव्हते.

काका तोफांच्या सरकारी कारखान्यात तपासनीस होते. ते रिटायर झाले, पण शर्टाच्या खिशातला खडू आणि सहा इंची स्टीलची पट्टी काही रिटायर झाली नाही. कांचघरच्या आमच्या गल्लीत कोणाची चौकट तिरकी दिसली की तिच्यावर खडूची फुली पडलीच. घमापुरच्या बाजारात त्यांनी दुधी भोपळ्याला पट्टी लावली, तेव्हा भाजीवाला हात जोडून म्हणाला, "अंकल जी, लौकी है, तोप नहीं." काकांनी भोपळा तरीही परत ठेवला. रविवारी उपासना संपली की दाराशी पाळकसाहेबांच्या हातात त्यांची चिठ्ठी जायची: 'प्रार्थना ठीक. प्रवचन आठ मिनिटं जास्त. दुसऱ्या मुद्द्याला आधार कच्चा.' नाताळच्या करंज्या तळून झाल्या की काकू ताट त्यांच्यापासून लपवायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "लग्नात मला कसं पास केलं, प्रभूच जाणे." काका गंभीरपणे म्हणाले, "तेव्हा नोकरी लागली नव्हती माझी."

मागच्या वर्षी काकांचा हात थरथरायला लागला, आणि पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी फुप्फुसात गाठ सांगितली. काकूंनी मला हे नळावर सांगितलं, बादली भरत असताना, नळाकडे बघत. काकांनी स्वतः फक्त एवढंच सांगितलं, "बेटा, तुझं अक्षर पास आहे. पोरासाठी वही लिहायची आहे. बापाने काही तरी मागे ठेवलं पाहिजे." त्यांचा एकुलता मुलगा नागपूरला फोटो स्टुडिओ चालवतो. नऊ वर्षांत तो घरी आला नव्हता आणि काकांशी बोललाही नव्हता.

मी रोज कॉलेजातून आल्यावर त्यांच्याकडे जायची. काका सांगायचे, मी लिहायची. लेकरू तापाने फणफणलं तर उशाशी बसून कोणती प्रार्थना म्हणायची. सागवान कसं ओळखायचं. आपल्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने विहीर बंद केली, तरी त्यांनी गावावर राग का धरला नाही. दुसऱ्या दिवशी काका कालचं पान ऐकायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट." सहा महिन्यांत अकरा पानं पास झाली. एव्हाना काकांना दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, काहून इतके नापास करून राहिले? दादा वाचेल तरी का?"

काकांनी कपाटाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "ते बायबल आण."

त्यांच्या घरच्या बायबलच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर सगळ्या घराण्याची नोंद आहे. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. पणजोबांचं अक्षर, मग आजोबांचं, मग वडिलांचं, मग काकांचं. सगळ्यांत खाली मुलाचं नाव होतं, आणि त्या नावावरून पट्टी लावून ओढलेली एक सरळ आडवी रेघ. बाजूला बारीक सही.

मुलगा पाळक व्हायला शिकत होता. शिक्षण अर्धवट सोडून घरी आला आणि म्हणाला, मला हे जमणार नाही. काकांनी त्याच दिवशी, त्याच्यासमोर, ती रेघ मारली होती.

"कारखान्याचा नियम," काका म्हणाले. "रजिस्टरात गिरवायचं नाही, ब्लेडने खरवडायचं नाही. एक रेघ मारायची, बाजूला सही. चूक कोणाची ते दिसलं पाहिजे." मग त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. "सही कोणाची आहे, पाह्य."

"तुमची."

"नऊ वर्षं मी ही रेघच पाहून राहिलो. सही आता दिसली."

मी म्हटलं, आत्ता फोन लावू. काका म्हणाले, "फोनवर नोंद होते का?" कारखान्याच्या नियमाने, बरोबर असलेली नोंद चुकून खोडली गेली तर तिच्याखाली पुन्हा पूर्ण लिहायची, तपासनिसाची सही, साक्षीदाराची सही. ते झाल्याशिवाय काका मुलाला बोलावणार नव्हते. मी पेन उघडलं तर त्यांनी ते काढून घेतलं. एक रविवार दुपार पूर्ण गेली. उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने दाबून धरून त्यांनी मुलाचं नाव लिहिलं, मग जन्म, मग बाप्तिस्मा. अक्षरं नाल्याकाठच्या झोपड्यांसारखी एकमेकांवर कलली होती. पट्टी खिशातच राहिली.

"सही कर," ते म्हणाले. मी घाबरले. त्यांच्या घराण्याचं पवित्र पुस्तक, आणि मी शेजारच्या ऑटोवाल्याची मुलगी, घरी गणपती बसवणारी. "साक्षीदार बाहेरचाच लागतो, बेटा. नियम आहे." मी सही केली. काकूंनी स्वयंपाकघरातून फोन लावला आणि तिकडून मुलगा म्हणाला, शनिवारी निघतो.

काका गुरुवारी रात्री गेले.

दफनविधीत पाळकसाहेब आठ मिनिटं कमी बोलले. काकांच्या मुलाला मी नऊ वर्षांनी पहिल्यांदा पाहिलं. त्याने कॉफिनच्या कडेवरून अंगठा फिरवला, फळीचा सांधा तपासत असल्यासारखा. घरी आल्यावर काकूंनी वही आणि बायबल त्याच्यापुढे ठेवलं. ती रेघ त्याला पाठ असावी. तो तिच्यावर थांबलाच नाही. खालच्या ओळीवर थांबला.

"ही पप्पांची राइटिंग आहे?"

"हात कापत होता," मी म्हटलं. "पण मला लिहू नाही दिलं."

तो त्या ओळीवरून बोट फिरवत राहिला. काकू म्हणाल्या, "आता पप्पांची नोंद तुलाच करायची आहे, बाळा." त्याने पेन घेतलं. काकांचं नाव लिहिलं, 'मृत्यू' लिहिलं, आणि तारीख शुक्रवारची टाकली. त्याला बातमी शुक्रवारी पहाटे कळली होती. चूक लक्षात आली तसा तो घाईने आकड्यावर आकडा गिरवायला गेला.

"गिरवू नको, दादा," मी म्हटलं. "एक रेघ. बाजूला सही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठून खुंटीवरच्या काकांच्या शर्टाच्या खिशातून पट्टी काढली, तारखेवर रेघ मारली, सही केली. पुढे बरोबर तारीख लिहिली. त्यानंतर तो रडला, आणि काकूंनी त्याला रडू दिलं.

पास झालेली अकरा पानं तो नागपूरला घेऊन गेला. नापास झालेली माझ्याकडे आहेत. त्याने मागितली आहेत, मी सुवाच्य करून पाठवणार आहे. मधूनमधून काकूंकडे गेले की मी ते पान उघडते. त्यावर आता दोन रेघा आहेत, एक बापाची, एक मुलाची. दोन्ही सरळ, एकाच पट्टीच्या. आणि मधोमध माझी सही, थोडी तिरकी.