सुधारलेल्या गाडीचं गाऱ्हाणं

तापलेल्या बॉनेटवर नारळाचं पाणी उडालं की एक करपट गोड वास येतो आणि मला काकांचं गाऱ्हाणं आठवतं. बहिणीला मुंबईच्या रेल्वेत बसवायला आम्ही मालवणहून कुडाळला निघालो होतो. सकाळीच मी हौसेने कारचं सॉफ्टवेअर अपडेट केलं होतं, ‘प्रवास अधिक सुखकर’ म्हणे! झालं भलतंच. रस्त्याकडेची प्रत्येक म्हैस बघून कार किंचाळायची आणि आपणहून ब्रेक मारायची. शेवटी एका कोंबडीसमोर थांबली ती हलेचना. बहीण रडकुंडीला आली. काकांनी डिकीतून तिच्या सामानातला नारळ काढला आणि बॉनेटसमोर उभं राहून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक जी काय सुधारणा लागली आसात, ती दूर कर रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे ओरडलो, मागे खोळंबलेल्या एसटीचा ड्रायव्हरसुद्धा. नारळ फुटला, मी बटण दाबलं आणि कार मुकाट सुरू झाली. रेल्वेही मिळाली. आज पुन्हा मेसेज आलाय, नवीन अपडेट. मागच्या सुधारणेतल्या चुका सुधारल्यात म्हणे. मी काकांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, “नारळ किती धाडू रे?”