मासोळीच्या बर्फातलं इंजेक्शन

सकाळी गावची लाईन गेली आणि मी आधी फ्रिजकडे धावले. फ्रिजमध्ये लेकीचं इंजेक्शन होतं, दर पंधरा दिवसांनी मीच द्यायचं. पुढचं उद्यावर आलं होतं.

लेक तेरा वर्षांची. तान्ही असल्यापासून तिला ॲलर्जीचा इसब. धानाचा भुसा उडाला की कोपरं, मान चिघळायची. झोपेत ओरबाडू नये म्हणून मी तिच्या हातांत मोजे घालायची. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, शरीराचे पहारेकरी साध्या धुळीलाही चोर समजून धिंगाणा घालतात, हे औषध त्यांतल्या काहींना शांत करतं. मग खरा चोर आला तर काय, ही भीती मी कोणाजवळ बोलले नाही. पण चार महिन्यांत कातडी वाळली, आणि लेकीनं स्वतःच ते मोजे कपड्यांच्या पेटीच्या तळाशी टाकले.

दुपार झाली तरी लाईन येईना. मे महिना, माठातलं पाणीही कोमट. वैनगंगेकाठच्या आमच्या गावात काही थंड ठेवायचं म्हटलं की मासोळीवाल्याची बर्फाची पेटी, लग्नाचा मठ्ठाही तिथंच जातो. मी इंजेक्शन डब्यात घालून तिकडे पळाले, वर नको ते शहाणपण केलं.

"भाऊ, एकदम खालती पुरा. जितकं थंड, तितकं बरं."

दुसऱ्या दिवशी लाईन आल्यावर डबा घरी आणला. डब्याला मासोळीचा वास लागला होता, चालेल का, एवढंच विचारायला डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वासाचं सोडून बर्फाचंच विचारलं. औषध गोठलं असेल तर द्यायचं नाही, म्हणाले, आणि वितळल्यावर ते नुसतं बघून कळेलच असं नाही. नवीन यायला आठ-दहा दिवस लागणार होते.

मी सुई उजेडात धरली. औषध नितळ दिसत होतं. देऊन टाकावं, असं फार वाटलं. लेक अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक घालून समोर बसली होती.

"दे न आई, काई नाई होत."

मला धीर झाला नाही. माझीच चूक, सगळी तिला सांगितली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं कोपर वळवून पाहिलं. तिथं जरा लाल होतं, की मला भीतीनं तसं दिसलं, कोण जाणे. मग ती उठली, पेटी उघडली आणि कपडे बाजूला सारत तळाशी हात घातला.

"आई, मोजे इथीच होते न?"