विहिरीवरचा म्हसोबा

मार्गासनीच्या साळूबाईंचा नवरा गेला, तेव्हा विहीर अर्धीच खणून झाली होती. दीर म्हणाले, बुजवून टाक. साळूबाईंनी सुरुंगवाल्यांना परत बोलावलं. पुढच्याच सुरुंगात एक काळा धोंडा उडून त्यांच्या पायाजवळ पडला आणि खाली पाणी लागलं. धोंड्यात बोटाएवढे पांढरे स्फटिक आडवेतिडवे रुतले होते. साळूबाईंनी त्याला शेंदूर फासून काठावर बसवलं. तो म्हसोबा झाला. त्याच्याच जातीचे बारके तुकडे पायदळी नकोत म्हणून त्यांनी विहिरीत सोडले.

गेल्या उन्हाळ्यात भोरहून त्यांचा भाऊ नातीला घेऊन आला. नात चैत्राली पुण्याला भूशास्त्र शिकते. म्हसोबाच्या शेंदराचा एक पोपडा गळाला होता, तिथे ती वाकून बघत बसली.

“आत्याआजी, आपला नेहमीचा काळा पाषाण आणि हा, दोन्ही बेसाल्टच. खनिजंही जवळपास तीच. पण यातला फेल्डस्पार, म्हणजे हे पांढरे स्फटिक, जमिनीखाली सावकाश वाढला आणि मग लाव्ह्याबरोबर वर आला. असा थर क्वचित मिळतो. पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय प्रबंधात त्याचं नाव लिहिता येणार नाही. एक टवका काढू?”

“तुजा आजा झोपलाय पडवीत. त्याच्या नाकाचा काढ आदी.”

“मग विहिरीत उतरून?”

“त्या थराच्या म्होरं दगडी बांधकाम हाय. ते उचकटलं तर हीर ढासळंल.”

चैत्रालीने हातोडी पिशवीत घातली आणि जेवायला बसली. साळूबाईंना घास गोड लागेना. विहिरीतले तुकडे त्यांना आठवत होते, पण त्यांच्यासाठी विहीर उपसावी लागणार होती. गाळ काढायला अजून महिना होता आणि वांगी ऐन फळावर होती.

सकाळी त्यांनी मोटार सुरू केली. पाणी शेजारच्या हनुमंताच्या शेतात चाललेलं बघून तो धावत आला. “काकी, आज लई उदार?”

“गाळ काढायचाय. वांगी वाळली तर तुज्याकडनं नेईन.”

तळाच्या चिखलात तुकडे सापडले. चैत्रालीने ते हातात घेतले, पण हातोडी उचलली नाही.

“आत्याआजी, हे फोडलेले चालतील?”

“इसर्जन झाल्याव त्यात देव ऱ्हात न्हाई. फोड.”

चकतीत कॅल्शियमचा फेल्डस्पार, पायरोक्सिन आणि थोडं ऑलिव्हिन अशी खनिजं दिसली. प्रबंधात महास्फटिकी बेसाल्ट असं नाव गेलं. निम्मी वांगी वाळली. उरलेला तुकडा चैत्रालीने परत आणला, तेव्हा साळूबाईंनी तो पुन्हा विहिरीत सोडला.