प्रस्तावना तेवढी टाक

नाशिक जिल्ह्यात नावाआधी डॉक्टर लावून फिरणारे, पण इंजेक्शन देता न येणारे जेवढे लोक आहेत, त्यातल्या निम्म्यांचं बारसं माझ्या हातून झालेलं आहे. उरलेले निम्मे मी आजारी होतो तेव्हा झाले. कुणाला ही फुशारकी वाटत असेल तर त्याने कॉलेज रोडवर सकाळी फिरायला निघालेल्या कुठल्याही प्राध्यापकाला थांबवावं आणि त्याच्या शोधनिबंधाची पहिली दोन पानं कुणी लिहिली असं विचारावं. तो रस्त्यावरच्या खड्ड्यांवर बोलायला लागेल. सिंहस्थाच्या तयारीने सध्या त्याची सोय भरपूर करून ठेवलेली आहे.

मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो. म्हणजे तास घेतला तर मी प्राध्यापक, नाही घेतला तर बाहेरून आलेला पाहुणा. सुट्टी लागली की कायम प्राध्यापक थंड हवेच्या ठिकाणी जातात आणि आम्ही थंड पडतो. कायम व्हायचं तर डॉक्टरेट लागते, आणि डॉक्टरेट मिळायची तर मार्गदर्शक लागतो. माझे मार्गदर्शक म्हणजे आमचे विभागप्रमुख. बी.ए.ला मी त्यांच्याच हाताखाली होतो, त्यामुळे बाकी सगळ्यांना ते 'अहो सर' म्हणत आणि मला 'अरे'.

आता या धंद्यातली गोम सांगतो. शोधनिबंधात आकडे असतात, तक्ते असतात, निष्कर्ष असतात. आकडे विद्यार्थ्यांना पाठवून आणता येतात, तक्ते संगणक काढतो, निष्कर्ष तर काम सुरू व्हायच्या आधीच ठरलेले असतात. माणूस अडतो तो प्रस्तावनेला. हा विषय मुळात का घ्यावासा वाटला, हे तिथे दोन पानांत सांगायचं असतं. खरं कारण बढती. ते लिहिता येत नाही. मग भलेभले घामाघूम होतात आणि शेवटी डोळे मिटून लिहितात, 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' मी एक निबंध पाहिला होता, ब्युटी पार्लरच्या अर्थकारणावरचा. तोही शेतातून निघाला होता. नांगर, बैल, हरितक्रांती असं करत करत फेशियलपर्यंत पोहोचायला त्याला चार पानं लागली, आणि पोहोचला तेव्हा निबंधच संपला.

मला मात्र प्रस्तावना लिहिता यायची. कशी कोण जाणे, पण यायची. कुणी मोबाइल बँकिंग दिलं तर मी सुरुवात गावातल्या पोस्टमनच्या सायकलपासून करायचो, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, खरंच, हा माणूस झोपेतसुद्धा बँकिंगचाच विचार करत असणार. विभागात ही गोष्ट पसरली, मग दुसऱ्या विभागांत, मग दुसऱ्या महाविद्यालयांत. सर दारातूनच म्हणायचे, 'अरे, प्रस्तावना तेवढी टाक.' जसं काही चहात साखर टाकायची आहे. बदल्यात मला काय मिळायचं? 'तुझं काम लक्षात आहे' हे वाक्य मिळायचं. ते मी इतकं साठवलं होतं की त्यावर बंगला उठला असता.

माझा स्वतःचा विषय हरसूलचा आठवडी बाजार. गिरणाऱ्यावरून वाघेऱ्याचा घाट चढत एसटी जाते, आणि ती एसटी अशी की उतरल्यावर आपली हाडं मोजून घ्यावीत. नागली, वरई, खुरासणी, टोपल्या, सुकटीचा वास, आणि डोंगरातल्या पाड्यांवरून चालत आलेली माणसं. मी प्रश्नावली घेऊन जायचो. 'आज काय खरेदी केलीत? किती? कशासाठी?' लोक सभ्यपणे उत्तरं द्यायचे आणि मी चौकटीत खुणा करायचो. दिवसभर खुणा करून घरी आलो की मला बाजाराविषयी सकाळी होतं त्याहून कमी कळलेलं असायचं.

एक दिवस भिंतीच्या सावलीत एक म्हातारा आणि त्याची लेक बसलेली दिसली. लेक दुसऱ्या गावी दिलेली. तो एका डोंगरावरून उतरून आला होता, ती दुसऱ्या. मी सकाळी पाहिलं तेव्हा भजी खात बोलत होते, दुपारी पाहिलं तेव्हा भजी संपली होती, बोलणं चालूच होतं. ऊन उतरायला लागलं तशी दोघं उठली, मिठाच्या ढिगापाशी गेली, दोघांनी एकेक पुडी घेतली आणि दोन वाटांनी निघाली. मी धावत म्हाताऱ्याला गाठलं. प्रश्नावली होतीच हातात. घरातलं मीठ संपलं होतं का, विचारलं.

'हाय ना घरी,' तो म्हणाला. 'पर रिकाम्या हातानं कसं जावं?'

चौकटीत ते बसेना. मग मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि पुढचे कितीतरी बाजार नुसता बघत राहिलो. घरी येऊन माझ्या प्रबंधाची पार्श्वभूमी लिहिली. त्यात एक वाक्य आलं: 'हरसूलच्या बाजारात येणारी निम्मी माणसे एकमेकांना भेटायला येतात, आणि नुसते भेटायला गेलो होतो असे घरी सांगता येत नाही म्हणून मीठ घेऊन जातात.'

जगभराच्या प्रस्तावना लिहून झाल्यावर हे पहिलं वाक्य असं होतं की ते मला कुणी टाकायला सांगितलं नव्हतं. मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'म्हणून इतकं मीठ येतंय होय आपल्याकडे! अहो, आता मिठागर तरी काढा.' कारण मीही दर वेळी पुडी आणायचो. मीठ विकणारी बाई मला ओळखायला लागली होती. 'मास्तर, मासं सुकवतो का काय घरी?' असं सगळ्या बाजारादेखत विचारायची.

प्रकरण सरांकडे दिलं. त्यांनी चष्मा काढला, लावला, परत काढला. वाक्य फारसं शास्त्रीय नाही म्हणाले, पण बरं आहे, ठेव इथे. महिन्याभरात त्यांचं कुठलंसं राष्ट्रीय चर्चासत्र होतं. सरांचा निबंध छापून आला तेव्हा त्यात माझी पार्श्वभूमी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत होती, आणि नाव त्यांचं एकट्याचं. मी विचारलं. त्यांनी सांगितलं की दोन्ही नावं टाकायची होती, पण अर्जात एकाच नावाची जागा होती. प्रबंधात तर तुझंच येणार आहे ना, म्हणाले. मी मान हलवली. तासिका तत्त्वावर मान एकाच दिशेने हलते.

पुढे जे झालं ते मी हरसूलच्या एसटीत सांगितलं असतं तर लोकांनी हसून हसून घाटात गाडी थांबवली असती. आमच्या विभागातल्या एका मॅडमना मालेगावच्या यंत्रमागांवर निबंध द्यायचा होता, आणि मी नेमका तापाने पडलेलो. त्यांनी सरांचा निबंध घेतला, संगणकाला सांगितलं की जिथे जिथे हरसूल असेल तिथे मालेगाव कर, आणि पाठवून दिला. तो छापून आला. त्या निबंधात मालेगावच्या डोंगरउतारांवर नागली डुलते, पाड्यांवरची माणसं अनवाणी चालत यंत्रमागांच्या बाजाराला येतात आणि जाताना मीठ घेऊन जातात. चर्चासत्रात एकानेही विचारलं नाही की मालेगावात हे डोंगर आले कुठून. उलट उत्कृष्ट निबंधाचं प्रमाणपत्र दिलं. ते पाहून कळवणच्या एकाने कांद्यासाठी तोच कित्ता गिरवला. माझं मीठ असं जिल्हाभर फिरलं.

आणि मग माझा प्रबंध जमा करायची वेळ आली. कायम जागेची जाहिरात येणार अशी कुजबुज होती, आणि सर निवड समितीत असणार होते. प्रबंध वेळेत गेला तर मी रांगेत, नाही तर पुढची रांग कधी लागेल ते सरकारलाच ठाऊक. जमा करण्याआधी साहित्यचोरीची तपासणी असते. ग्रंथपालांनी माझा प्रबंध यंत्रात घातला. अहवाल बाहेर आला तो असा लाल की मला आधी वाटलं शाई सांडली.

पार्श्वभूमीचं पान न् पान लाल. सरांच्या निबंधाशी जुळतं, मॅडमच्या निबंधाशी जुळतं, कळवणच्या कांद्याशी जुळतं. प्रस्तावनेतही तीच गत, कारण माझी वाक्यं लिहायची सवय एकच आणि ती मी सगळ्या गावाला वाटलेली. पोस्टमनची सायकलसुद्धा पकडली गेली होती. यंत्राच्या मते मी जिल्ह्यातला सगळ्यात मोठा चोर होतो. माझ्याइतक्या घरांतून माल कुणीच उचललेला नव्हता.

ग्रंथपाल भला माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, 'सर, मला पटतं. पण हे यंत्र तारीख बघतं. आधी छापलं तो मालक.'

मी अहवाल घेऊन सरांकडे गेलो. आयुष्यात एकदाच त्यांच्या समोरच्या खुर्चीवर ते बसा म्हणण्याआधी बसलो.

'सर, ते वाक्य माझं आहे.'

'अरे, कोण नाही म्हणतंय?' सरांनी अहवाल असा चाळला जणू लग्नाची पत्रिका आहे. 'माझं-तुझं काय करतोस? ज्ञान कुणाच्या बापाचं असतं का?'

'मग आता काय करायचं?'

'सोपं आहे. अवतरणचिन्हात घाल आणि कंसात माझं नाव टाक. यंत्र गप्प बसेल.' मग जरा थांबून, अगदी मायेने म्हणाले, 'नाव मात्र टाक बरं. नियम आहे तो.'

दुसरा मार्ग मी शोधला नाही असं नाही. ते पान पुन्हा वेगळ्या शब्दांत लिहायला बसलो. पण म्हाताऱ्याला दुसऱ्या शब्दांत सांगता येईना. 'ग्रामीण बाजारपेठेतील खरेदीमागे सामाजिक आंतरक्रियेची प्रेरणा आढळते' असं लिहून पाहिलं. यंत्र खूश झालं, एक अक्षर लाल झालं नाही. मी ते वाचलं आणि त्यात ना म्हातारा होता, ना लेक, ना भजी. खोडलं. आणि सरांनी सांगितलं तसं केलं. माझ्या प्रबंधात आता हरसूलच्या भिंतीच्या सावलीत बसलेली माणसं सरांनी पाहिलेली आहेत. सरांनी हरसूल कधी पाहिलेलं नाही. घाटात त्यांना उलटी होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्क परीक्षक आले होते. मंडळी पेढ्यांची वाट बघत बसलेली. परीक्षकांनी प्रबंध खरोखर वाचला होता, याबद्दल मी त्यांना कधीच दोष देणार नाही. त्यांनी नेमकं ते पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. मीठ घेऊन जातात, इथे आले तेव्हा त्यांचा आवाज किंचित खाली गेला.

'संबंध प्रबंधात हे एक वाक्य मला थेट त्या बाजारात घेऊन गेलं,' ते म्हणाले, आणि सरांकडे वळले. 'काय निरीक्षण आहे हो तुमचं!'

सरांनी मान तिरकी केली. बाजारात फिरताना असंच सुचलं होतं एकदा, म्हणाले.

मग परीक्षक माझ्याकडे वळले. 'तुम्ही इतके दिवस तिथे जात होता. या भागात तुमचं स्वतःचं काही का नाही?'

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मॅडम पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडता सोडता थांबल्या. जाहिरात अजून यायची होती, सर समोर होते. मी म्हणालो, 'सर, मला इतकं नेमकं दिसलं नाही.'

परीक्षकांना तो प्रामाणिकपणा आवडला. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. शाल आली, नारळ आला, टाळ्या झाल्या. मी डॉक्टर झालो.

जाहिरात निघाली, मुलाखत झाली, आणि जागा विचाराधीन आहे. कोण विचार करतंय आणि किती खोल, ते कळायला मार्ग नाही. मध्यंतरी सरांचा फोन आला. सिंहस्थाच्या अर्थकारणावर मोठा निबंध करतायत. 'अरे, प्रस्तावना तेवढी टाक.'

टाकली. पहिलं वाक्य लिहिलं, 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' तिथून नांगर, बैल, हरितक्रांती असं करत रामकुंडापर्यंत आणला. चार पानं झाली. त्यात जिवंत असं काही राहणार नाही याची मी काळजी घेतली होती. शोधून शोधून मारलं. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला तेव्हा मी तयार होतो. बोलणी खायची होती मला, खरं तर त्यासाठीच लिहिलं होतं.

सर म्हणाले, 'वा. आता कुठे तुला शोधनिबंधाची भाषा जमली.'

त्या आठवड्यात मी हरसूलला गेलो. प्रश्नावली नाही, वही नाही, काम तर काहीच नाही. भिंतीच्या सावलीत दुसरीच माणसं बसली होती. मीठवाल्या बाईने न विचारता पुडी बांधली.

घरी आलो तर बायको दारातच होती. हातातली पुडी तिने पाहिली, मिठागराचं काही बोलली नाही. डबा आणायला आत वळता वळता तिने विचारलं, 'अहो, कुणाला भेटून आलात?'