उबीनवरचा ओला दुपट्टा

बाबा आता ठणठणीत आहेत, रोज फोनवर माझ्याशी भांडतात, म्हणून हे सगळं हसत सांगता येतं. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बाबा अकोल्याचे. वीज खात्यात लाइनमन होते, भर मे महिन्यात खांबांवर चढलेले. त्यामुळे उन्हाबद्दल त्यांना कोणी काही सांगायचं नाही. सिंगापूरला आमच्याकडे आले तेव्हाही मेच होता. पुंगोल स्टेशनपासून घरापर्यंत चालताना माझी मुलगी घाम पुसत म्हणाली, "आजोबा, सो हॉट लाह!" बाबा हसत सुटले. "याले ऊन म्हन्तात काय? आमच्याकडे याले हिवाया म्हन्तात!"

"बाबा, इथलं ऊन वेगळं आहे," मी म्हटलं. "घाम वाळतच नाही इथे."

"आता तू मले ऊन शिकवशील?"

झालं, मी पाय आपटत पुढे निघाले. मी तापट आहे, आणि हा गुण कुणाकडून आला ते वेगळं सांगायला नको.

रविवारी त्यांना उबीन बेटावर सायकल चालवायची होती. नवरा मुलीला घेऊन पोहायला गेला, म्हणून आम्ही बापलेकच होडीतून निघालो. बाबांची तयारी नेहमीचीच. खिशात कांदा, आणि पांढरा दुपट्टा नळाखाली भिजवून डोक्याला, कानांना घट्ट बांधलेला. लहानपणी उन्हाळाभर ते माझेही कान असेच बांधायचे. वर्गातल्या पोरी डाकू म्हणून चिडवायच्या, तरी त्यांनी मला उघड्या कानांनी कधी फाटकाबाहेर पडू दिलं नाही.

अकोल्यात ही युक्ती खरी आहे. कोरडी हवा कापडातलं पाणी ओढून घेते आणि डोकं गार राहतं. उबीनवर हवाच घामाघूम. कापडातलं पाणी जाणार कुठे? गरम पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात, तसं त्यांचं डोकं आत वाफाळत होतं. सायकल चालवता चालवता मी दोनदा सांगितलं, "सोडा तो दुपट्टा." दोन्ही वेळा "तू गप वं" एवढंच उत्तर मिळालं.

मग बाबा बोलायचे थांबले. माझा बाप झोपेतसुद्धा बडबडतो, त्यामुळे मी मागे वळून पाहिलं. सायकल गवतात गेलेली, चेहरा लालबुंद, आणि ते हँडल धरून नुसते उभे. मी धावत जाऊन त्यांना झाडाखाली बसवलं.

"बाबा, काय होतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी कोन?"

रुग्णवाहिकेला फोन कसा लावला आठवत नाही. पलीकडची बाई शांत होती, देव तिचं भलं करो. सावलीत ठेवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, शुद्धीवर नीट येईपर्यंत प्यायला काही देऊ नका. मदत निघाली आहे. पण मदत समुद्र ओलांडून येणार होती, आणि तोवर बाबांजवळ मी एकटीच.

मी दुपट्ट्याला हात घातला तर बाबांनी दोन्ही हातांनी कान गच्च धरले. "नको, नको! ऊन लागन!" एकेक बोट उचलून मी हात सोडवले. गाठ लाइनमनची, सुटते कसली! शेवटी दातांनी सोडली. आतलं डोकं हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. सोबतच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या मानेवर, छातीवर, काखेत रिकाम्या केल्या. माझ्या टोपीनं वारा घालत राहिले आणि ओरडत राहिले, "बाबा, बोला काहीतरी! भांडा ना माझ्याशी!"

किती वेळ गेला देव जाणे. भिरभिरणारी त्यांची नजर हळूहळू माझ्या तोंडावर येऊन थांबली. कपाळाला आठी पडली.

"कान काऊन उघडे तुये?"

अगं बाई! मी हसले, रडले, त्यांच्या ओल्या छातीवर डोकं ठेवून काय काय बोलले, मलाच ठाऊक नाही. मदतीची माणसं आली, तपासलं, म्हणाली, वेळेत गार केलंत, बरं झालं. आता डॉक्टरांना दाखवू.

परतीच्या बोटीत बाबा आडवे होते, काखेत बर्फाच्या पिशव्या. पण डोळे मिटायला तयार नव्हते. सारखे माझ्या कानांकडे बघत होते. मी तो ओला, कोमट दुपट्टा उचलला आणि माझ्याच डोक्याला बांधला, कान झाकून, ते बांधायचे तसाच. शेजारी बसलेला मदतनीस चमकून बघायला लागला. बघू दे मेला!

बाबांनी गाठ नीट बसली आहे ना ते पाहिलं आणि मग डोळे मिटले. किनारा येईपर्यंत मी घामानं निथळत बसले, पण दुपट्टा सोडला नाही.